किरण कोणाच्या अंगातून निघतो?

मराठी समीक्षेने विज्ञानकथेला कधी मानाच्या पंगतीला बसवले नाही, आणि दलित समीक्षेने तर तिच्याकडे वळूनही पाहिले नाही. ज्यांच्या ताटात भाकर नव्हती त्यांनी मंगळावरच्या माणसांची चिंता का करावी, असा आपला साधा हिशेब होता. त्या काळात तो चुकीचाही नव्हता. तरी आज या विषयावर लिहावेसे वाटते, कारण विज्ञानकथेतली एक कल्पना पुस्तकातून उठून आमच्या विद्यार्थ्यांच्या खिशात जाऊन बसली आहे. ही कल्पना किरणास्त्राची. दुरून सोडलेला, डोळ्यांना न दिसणारा किरण माणूस जाळतो, गाव जाळतो, ढग पळवतो, डोके भणाणून सोडतो.

इंदापूर तालुक्यातून बारामतीला शिकायला येणारी मुले एसटीत मोबाईल पाहत येतात. त्यातल्या एकाने वर्ग सुटल्यावर मला एक चित्रफीत दाखवली. ऑगस्ट २०२३ मध्ये अमेरिकेच्या हवाई बेटांवरचे लहायना गाव जळाले, शंभराच्या आसपास माणसे मेली, त्याची ती चित्रफीत. खाली लिहिलेले, की ही आग नव्हे, आकाशातून सोडलेला लेसर आहे. निळ्या रंगाच्या वस्तू पाहा कशा वाचल्या. मुलगा हुशार, वस्तीतला, घरात पहिलाच पदवीपर्यंत आलेला. म्हणाला, "सर, हे खरं असंल का? आणि खरं असंल तर मग आपलं ब्रह्मास्त्रपण खरंच असणार की."

त्याच्या या "आपलं" शब्दावर मी अडखळलो. ब्रह्मास्त्र "आपले" केव्हा होते? या लेखाचा सारा प्रपंच त्या एका शब्दापायी आहे.

किरणास्त्राच्या आधुनिक कथेचा उगम एच. जी. वेल्सच्या 'द वॉर ऑफ द वर्ल्ड्स' या कादंबरीत सापडतो. ती १८९७ मध्ये मासिकातून आणि १८९८ मध्ये पुस्तकरूपाने आली. मंगळावरचे जीव इंग्लंडमध्ये उतरतात. पांढरे निशाण घेऊन बोलणी करायला गेलेल्या माणसांनाच ते पहिल्यांदा उष्णकिरणाने जाळतात. ही कादंबरी आपल्याकडे थरारक गोष्ट म्हणून वाचली गेली. पण वेल्सने आरंभीच वाचकाला बजावले आहे, की मंगळवासीयांना क्रूर म्हणण्यापूर्वी आपण टास्मानियाच्या मूळ रहिवाशांचे काय केले ते आठवावे. गोऱ्यांनी त्या माणसांचा जवळजवळ संपूर्ण संहार केला होता. म्हणजे वेल्सचा किरण हा वसाहतवाल्याच्या बंदुकीचे उलटे फिरवलेले तोंड होते. ज्याने आजवर जाळले त्याला जळण्याचा अनुभव देणारी ही कथा आहे. नंतरच्या चित्रपटांनी आणि नकलांनी किरण तेवढा उचलला. टास्मानिया गाळला. किरण शोभेचा झाला आणि कथा पोकळ झाली.

पुढे या कल्पनेने शास्त्रज्ञांनाही झपाटले. १९२४ मध्ये ग्रिंडेल मॅथ्यूज नावाच्या इंग्रज संशोधकाने आपल्याजवळ मृत्युकिरण असल्याचा गाजावाजा केला; सरकारने आमच्या अटींवर करून दाखवा म्हटल्यावर तो अंग काढून बसला. १९३४ मध्ये वयाच्या ७८ व्या वर्षी निकोला टेस्लाने अशाच अस्त्राची घोषणा केली. १९४३ मध्ये तो वारल्यावर त्याची कागदपत्रे तपासली गेली, तेव्हा प्रत्यक्षात चालेल असे काही त्यात आढळले नाही.

या साऱ्या प्रकरणातला मला सर्वात मोलाचा वाटणारा प्रसंग १९३५ चा आहे. शत्रूच्या वैमानिकाला रेडिओलहरींनी मारता येईल का, असे ब्रिटिश हवाई खात्याने रॉबर्ट वॉटसन-वॅट यांना विचारले. त्यांनी तो प्रश्न आपले सहायक अर्नोल्ड विल्किन्स यांच्याकडे दिला. देताना मृत्युकिरणाचे नाव न घेता विचारले, की काही किलोमीटर अंतरावरचे आठ पाइंट पाणी, म्हणजे सुमारे साडेचार लिटर, ९८ अंश फॅरनहाइटवरून १०५ वर न्यायला किती शक्ती लागेल? तेवढे पाणी म्हणजे माणसाच्या अंगातले रक्त, आणि ते तापमान म्हणजे तापाने फणफणलेले शरीर. विल्किन्स यांनी हिशेब मांडला. लागणारी शक्ती इतकी अफाट निघाली, की त्या काळच्या कोणत्याही यंत्राच्या ती आवाक्यात नव्हती. पण याच विचारातून दुसरी गोष्ट हाती आली: लहरींनी विमान पाडता येत नसले, तरी विमानावर आपटून परतलेल्या लहरींनी ते हुडकता येईल. २६ फेब्रुवारी १९३५ रोजी डॅव्हेंट्री येथे प्रयोग झाला आणि रडारचा पाया पडला. नाव वॉटसन-वॅटचे झाले. गणित करणारा मागे राहिला. ते असो. पण अफवेला गणित विचारले की अफवा मरते आणि कधीकधी तिच्या राखेतून उपयोगाची वस्तू निघते, हे या प्रसंगात उघड दिसते.

आता आपल्याकडे येऊ.

जानेवारी २०१५ मध्ये मुंबई विद्यापीठात भरलेल्या भारतीय विज्ञान काँग्रेसमध्ये प्राचीन विमानविद्येवर निबंध वाचला गेला. त्याचा आधार असलेल्या 'वैमानिक शास्त्र' या ग्रंथाची तपासणी बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी १९७४ मध्येच केली होती. हा ग्रंथ १९०४ पूर्वीचा असू शकत नाही आणि त्यातली विमाने उडण्यालायक नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष होता. चाळीस वर्षांनी तोच माल पुन्हा बाजारात आला. २०१९ च्या जालंधरच्या अधिवेशनात तर एका विद्यापीठाच्या कुलगुरूंनी विष्णूचे चक्र म्हणजे मार्गदर्शित क्षेपणास्त्र असल्याचे सांगितले. यावर पुष्कळ विनोद झाले. शहरी बुद्धिवाद्यांनी भरपूर हसून घेतले. पण त्यांचा आक्षेप एवढाच, की हे विज्ञान नव्हे. आपला आक्षेप त्यापुढचा असला पाहिजे.

अस्त्रविद्या खरी होती असे घटकाभर धरून चालू. ती कोणाला मिळत होती? महाभारतात कर्ण द्रोणाकडे ब्रह्मास्त्र मागतो. द्रोण त्याला सांगतो, की ते ब्राह्मणाने जाणावे, नाहीतर क्षत्रियाने. दुसऱ्या कोणी नाही. मग कर्ण जात लपवून परशुरामाकडे जातो. मांडी किड्याने पोखरली तरी गुरूची झोप मोडू नये म्हणून तो हलत नाही, आणि या सोसण्यावरूनच त्याची जात उघडी पडते. ऐन मरणाच्या घडीला अस्त्र आठवणार नाही, असा त्याला शाप मिळतो. बाबूराव बागुलांनी १९६३ मध्ये आपल्या संग्रहाला 'जेव्हा मी जात चोरली होती' हे नाव दिले तेव्हा कर्ण त्यांच्या मनात होता की नाही, मला ठाऊक नाही. पण ज्याने खोली भाड्याने घेताना आडनाव गिळले आहे त्याला कर्णाची ही कथा वेगळी समजावून सांगावी लागत नाही. या विद्येला जातीचे कुलूप होते. माझ्या विद्यार्थ्याचे "आपलं ब्रह्मास्त्र" हे त्या कुलपाच्या बाहेर उभे राहून घरमालकाचा अभिमान वाहण्यासारखे आहे.

शंबूकाची कथा याहून बोलकी आहे. उत्तरकांडात एका ब्राह्मणाचा मुलगा अकाली मरतो. कारण शोधले जाते. नारद सांगतो, की राज्यात कोठेतरी एक शूद्र तप करतो आहे, म्हणून हे घडले. राम त्याला शोधत दक्षिणेला जातो, सरोवराकाठी उलटा टांगून तप करणाऱ्या शंबूकाचे मुंडके उडवतो, आणि त्याच क्षणी इकडे मुलगा उठून बसतो. आपल्या लेखकांनी या कथेवर पुष्कळ लिहिले आहे, पण तिची रचना तपासायची राहिली. तप म्हणजे मुळात ताप, उष्णता. दूर रानात एका शूद्राच्या शरीरातून निघालेला हा ताप सगळे राज्य ओलांडून नेमक्या एका ब्राह्मणाच्या घरात शिरतो आणि मूल मारतो. साक्षीदार नाही, मधला मार्ग नाही, तपासणी नाही. कारण कोणी सांगितले, तर अधिकारी पुरुषाने. शिक्षा कोणाला, तर ज्याला आपण कोणाला मारतो आहोत याचा पत्ताही नव्हता त्याला. आजच्या कारस्थानकथेचे सगळे अवयव येथे जागच्या जागी आहेत.

ऋषीच्या डोळ्यातून निघते ते तेज, आणि शूद्राच्या अंगातून निघते ते अरिष्ट. किरण दोन्ही अदृश्यच.

ही विभागणी ग्रंथातच राहिली असती तर तक्रार नव्हती. पेशवाईत अस्पृश्याने सवर्ण माणूस येत असता रस्त्यावर चालू नये, कारण त्याची सावली पडून विटाळ होईल, या नियमाचा दाखला बाबासाहेबांनी १९३६ च्या 'जातिनिर्मूलना'त दिला आहे. पुण्यात कमरेला झाडू आणि गळ्यात मडके, हेही त्यांनी तेथेच नोंदवले आहे. सावली म्हणजे उजेडाचा अभाव. तिला वजन नाही, ऊब नाही. कोणत्याही मोजपट्टीवर तिची शक्ती शून्य भरेल. तरी एका समाजाने शतकानुशतके तिला अस्त्र मानले, आणि ज्याच्या पायाशी ती पडली त्याला गुन्हेगार ठरवले. आपले पूर्वज मराठी मुलखातले पहिले "किरणास्त्रधारी" होते, फक्त त्यांना ते अस्त्र कधी चालवता आले नाही!

खेड्यात याचेच दुसरे रूप म्हणजे मूठ. मूठ मारतात ती दुरून. ती रात्री हवेतून जाते, नेमक्या माणसाला गाठते, आणि तो रक्त ओकून मरतो, असे सांगतात. माझी एक चुलत आजी होती, नवरा लवकर गेलेली, तोंडाने फटकळ. आमच्या गावात एका बागायतदाराच्या दोन दुभत्या म्हशी एका आठवड्यात मेल्या. देवऋषी आला, त्याने तांदूळ टाकले आणि आमच्या वस्तीकडे बोट केले. म्हातारीला चावडीपुढे उन्हात दिवसभर बसवले. कोणी मारले नाही. एवढ्याचेच घरच्यांना समाधान होते. पुढे ती कोणाच्या लग्नातही गेली नाही. मरेपर्यंत ती एकच गोष्ट विचारत असे, "माज्या हातात येवढं बळ आसतं, तर मी दुसऱ्याच्या बांधावर खुरपायला गेले आसते का रं?"

साऱ्या मृत्युकिरणांच्या चर्चेला इतके नेमके उत्तर मी दुसरीकडे वाचलेले नाही. विल्किन्सने जे गणित कागदावर केले तेच हे. शक्ती असेल तर तिचा पुरावा आयुष्यात कोठेतरी दिसला पाहिजे. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला, त्यानंतर जादूटोणाविरोधी कायद्याचा वटहुकूम निघाला. या कायद्याकडे आपल्यातले काही जण मध्यमवर्गीय सुधारणा म्हणून पाहतात. मी तसे पाहू शकत नाही. करणी, भानामती, मूठ यांचा आळ कोणत्या दारात जाऊन थांबतो हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हा कायदा कोणाच्या अंगावरचे छप्पर आहे ते कळते.

म्हणूनच अमेरिकेतल्या लेसरच्या अफवेची पुढची गोष्ट वाचताना मला नवल वाटले नाही. २०१८ मध्ये कॅलिफोर्नियातले पॅराडाइज हे गाव जळाले, ८५ माणसे मेली. तेव्हाही आकाशातल्या किरणाची कथा उठली. पुढे संसदेत निवडून गेलेल्या मार्जोरी टेलर ग्रीन या बाईंनी त्या साली केलेल्या लिखाणात या किरणाशी रॉथशील्ड या ज्यू सावकारी घराण्याचे नाव जोडले होते. म्हणजे किरण विसाव्या शतकातला आणि आळ मध्ययुगातला. विहिरीत विष टाकल्याचा आळ ज्या समाजावर युरोपने घेतला, त्याच्याच हातात आता लेसर दिला. कारस्थानकथेला यंत्र कोणतेही चालते; टोकाला उभा करायला माणूस मात्र ठरलेला लागतो.

आणि पॅराडाइजची आग खरोखर कशाने लागली? वीज कंपनीच्या जुन्या, निगा न राखलेल्या तारांनी. कंपनीने २०२० मध्ये न्यायालयात ८४ जणांच्या मृत्यूबद्दल सदोष मनुष्यवधाचा गुन्हा कबूल केला. लहायनातही तुटलेल्या वीजवाहिनीत पुन्हा प्रवाह सोडल्याने ठिणगी पडल्याचे चौकशीत निघाले. किरण पाहायला माना वर झाल्या होत्या, तेव्हा खांब डोळ्यांसमोर उभा होता.

आमच्याकडे हा खांब पाटाचा आहे. २००३ च्या दुष्काळात राज्य सरकारने ढगांत रसायने फवारणारी विमाने उडवली. पाऊस किती पडला हा वादाचा विषय. पण विमान ढग पळवते, ही समजूत तेव्हापासून जिरायती पट्ट्यात मी ऐकत आलो. आता विमानाच्या जागी किरण आला आहे. बारामतीच्या आणि इंदापूरच्या भूगोलाकडे मात्र कोणी बोट करत नाही. नीरा डावा कालवा १८८५ पासून वाहतो आहे. त्याच्या काठाला ऊस, आणि सुपे-मोरगावच्या बाजूला प्यायला टँकर. तोच कालवा इंदापूरच्या टेलला पोचेपर्यंत आवर्तनाचे पाणी कोठे कोठे मुरते, हे प्रत्येक पाटकऱ्याला ठाऊक आहे. एकीकडे उजनीचा फुगवटा, दुसरीकडे कोरडी विहीर. ढग कोणी पळवले हे विचारायला धाडस लागत नाही. पाटाचे पाणी कोणी वळवले हे विचारायला लागते, कारण त्याचे नाव-गाव असते, आणि त्याच्याच रानात आपल्याला उद्या ऊस तोडायला जायचे असते. भूमिहीन माणसाच्या वाट्याला तर पाळीचा प्रश्नही येत नाही. तो या भांडणात कोठेच नसतो, फक्त दुष्काळ पडला की देवऋषी त्याच्या वस्तीकडे बोट करायला मोकळा.

याचा अर्थ किरणास्त्र अजिबात नाही, असा कोणी घेऊ नये. १९६० मध्ये पहिला लेसर चमकला, आणि आता शस्त्रेही झाली. १३ एप्रिल २०२५ रोजी आपल्या संरक्षण संशोधन संस्थेने कर्नूल येथे ३० किलोवॅटच्या लेसरने मानवरहित विमान पाडून दाखवले. येथे सगळे मोजलेले आहे: शक्ती, ठिकाण, लक्ष्य. डोळे कायमचे घालवणाऱ्या लेसरांवर १९९५ मध्ये आंतरराष्ट्रीय करार होऊन बंदी आली, तीही ती वस्तू खरी होती म्हणून. मला अधिक अस्वस्थ करते ते अमेरिकेचे दुसरे यंत्र. ९५ गिगाहर्ट्झच्या लहरी कातडीत अर्ध्या मिलिमीटरहून कमी शिरतात आणि माणसाला भाजल्यासारखे वाटून तो पळ काढतो. हे यंत्र २०१० मध्ये अफगाणिस्तानात नेऊन न वापरता परत आणले. त्याच वर्षी त्याची छोटी आवृत्ती लॉस एंजेलिस परगण्यातल्या एका तुरुंगात बसवण्याची घोषणा झाली. आधी परका मुलूख, मग घरातले कैदी. विमान पाडणारा किरण शत्रूसाठी असतो. कातडी तापवणारा किरण मोर्चासाठी असतो. तो आपल्याकडे आला तर पहिल्यांदा कोणत्या मोर्चावर रोखला जाईल, हे सांगायला विज्ञानकथाकार नको. ११ जुलै १९९७ ला रमाबाई नगरात दहा माणसे मारायला साधी बंदूक पुरली होती.

आणि येथेच मराठी विज्ञानकथेविषयी माझी तक्रार आहे. जयंत नारळीकरांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला नारायण विनायक जगताप या टोपणनावाने कथा पाठवली, तेथून या प्रकाराला प्रतिष्ठा मिळाली. नारळीकरांचा मी ऋणी आहे; २०२५ मध्ये ते गेले तोवर फलज्योतिषाविरुद्ध इतक्या सातत्याने बोलणारा दुसरा शास्त्रज्ञ महाराष्ट्रात क्वचितच होता. पण त्यांच्या मागून आलेल्या पुष्कळ कथांत प्रयोगशाळा पुण्या-मुंबईची, नायक परदेशातून परतलेला, आणि खेडे आले तर अडाणीपणाचा नमुना म्हणून. चौकशी करणारी माणसे शहरात आणि फसणारी गावात. माझ्या चुलत आजीसारखी, एका प्रश्नात अख्खी विद्या उलटी करणारी बाई त्या कथांत मला भेटली नाही. उलट दूरदर्शनवर १९८८ पासून 'महाभारत' सुरू झाले तेव्हा अस्त्रांना लखलखते किरण फुटले. कीर्तनात जे कानांनी ऐकले होते ते डोळ्यांना लेसरसारखे दिसले. माझ्या विद्यार्थ्याचे ब्रह्मास्त्र व्यासाचे नाही, त्या पडद्यावरचे आहे. विज्ञानकथाकारांनी जागा मोकळी सोडली, ती पुराणाने विज्ञानाचे कपडे घालून बळकावली.

ही जागा आपल्या लेखकांची होती, असे मला वाटते. वेल्सच्या पंचवीस वर्षे आधी, १८७३ मध्ये, जोतीरावांनी 'गुलामगिरी' लिहिली. तीत त्यांनी अवतारांच्या कथा स्वारी करून आलेल्यांचा इतिहास म्हणून वाचल्या. जित्याच्या बाजूने आक्रमणाची कथा सांगणे, हे वेल्सने पुढे मंगळ घेऊन केले, जोतीरावांनी ते पुराणे घेऊनच केले. आपली वेदना आपण आत्मकथनातून मांडली, ते आवश्यकच होते. पण सावलीला खरोखरच शक्ती असती तर पुण्याच्या वेशीवर काय घडले असते, ही कथा कोणी लिहिली नाही. शंबूकाच्या तपाचे मोजमाप करायला निघालेला एखादा शोधक कोणी रंगवला नाही.

त्या मुलाला मी 'गुलामगिरी'तले एक पत्र वाचायला दिले. परशुराम चिरंजीव आहे असे मानतात, म्हणून जोतीरावांनी त्याच्या नावाने १ ऑगस्ट १८७२ ची जाहीर नोटीसच काढली आहे: जिवंत असलास तर सहा महिन्यांच्या आत हजर हो, आणि मंत्रांचा प्रभाव आम्हाला दाखव. कर्णाला जात विचारणारा तोच हा परशुराम. मुलगा वाचून हसला आणि म्हणाला, "सर, मुदत कवाच संपली की." मग त्याने मोबाईल काढून ती चित्रफीत पुन्हा लावली, आणि या वेळी जळालेल्या घरांमधले विजेचे खांब मोजू लागला.